अंडरग्रॅव्हल फिल्टरच्या प्लेटखालचा गाळ, टाकी न मोडता कसा काढावा?

मदत हवी आहे. माशांची टाकी 24 × 12 × 15 इंची, तळाशी अंडरग्रॅव्हल फिल्टरची भोकांची प्लेट, वर अडीच इंच जाड खडी, दोन उभ्या नळ्या, एकच एअर पंप (नळ्यांतले बुडबुडे पाणी वर ओढतात, त्यामुळे टाकीतलं पाणी खडीतून गाळलं जातं). मासे 6 मॉली, 4 प्लॅटी. झाडं नाहीत. खाणं दिवसातून एकदाच, नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घालतो.

तीन वर्षं पाण्यात अमोनिया, नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्य होतं. गेल्या पंधरवड्यात अमोनिया 0.5 आणि नायट्राइट 0.25 पीपीएम दिसतंय. मॉली पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, बघवत नाही. डाव्या नळीतून बुडबुडे येतात, पण पाणी जेमतेम वर चढतं. त्या कोपऱ्यात खडीत बोट खुपसलं तर तपकिरी गाळ उसळतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.

एअर स्टोन (बारीक बुडबुडे काढणारा दगड) नवा घातला, पंपाचा पडदा बदलला, दिवसाआड 25 टक्के पाणी बदलतोय. सायफनने वरची खडीही साफ केली. फरक थोडाच.

प्लेट उचलायची तर सगळी खडी काढावी लागेल. अमोनिया, नायट्राइट संपवणारे जिवाणू तिच्यातच आहेत, ते एकदम गमवायचे नाहीत. दुसरी टाकी नाही, फक्त 40 लिटरचा टब आहे. वरून टांगायचा फिल्टर सध्या परवडणार नाही.

उभ्या नळीतून बारीक पाइप खाली सोडून प्लेटखालचा गाळ ओढून काढता येतो, असं ऐकलंय. कुणी प्रत्यक्ष केलंय का? त्या वेळी मासे टाकीत ठेवावेत की टबात? आणि हे जमलं नाही तर अर्धी खडी आता, अर्धी पुढे काढायची झाल्यास मध्ये किती दिवस जाऊ द्यावेत?