मदत हवी आहे: बायकांचा ऑर्गॅझम एकच की दोन प्रकारचा? आणि तो असतो तरी कशासाठी?

नमस्कार, हे विचारायला वेगळा आयडी काढलाय, समजून घ्या. लग्नाला बरीच वर्षं झालीत, नवऱ्याशी छान पटतं, तशी तक्रार काही नाहीये. पण त्याने कुठेतरी वाचलं की बायकांचे ऑर्गॅझम दोन, एक क्लिटोरिसचा (योनीच्या वरच्या दाण्याचा) आणि एक योनीचा, आणि दुसराच म्हणे खरा. मला फक्त पहिला येतो, नुसत्या संभोगाने कधीच नाही, तर आता त्याला वाटतं तो कमी पडतोय, मला वाटतं माझ्यातच काहीतरी कमी आहे, मग दोघं एकमेकांची समजूत काढत बसतो आणि उरलासुरला मूडही जातो. त्यात मैत्रीण म्हणे मूल राहायला ऑर्गॅझम यावाच लागतो. मग मला मुलगा कसा झाला?? तर हे प्रकार खरंच वेगळे असतात का, आणि मुलासाठी लागत नसेल तर निसर्गाने दिलाय कशाला? अजून एक, सध्या एस्सिटॅलोप्रामची (नैराश्य-चिंतेवरची) गोळी चालू आहे, ती सुरू झाल्यापासून पहिलाही फार उशिरा येतो, त्याचा संबंध असेल का? फाजील प्रतिसाद नकोत प्लीज.

प्रतिसाद १
ताई, आधी नवऱ्याला सांग की ही खऱ्या-खोट्याची वाटणी मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडची आहे, १९०५ ची. मुलगी मोठी झाली की संवेदना क्लिटोरिसवरून योनीकडे सरकली पाहिजे, नाही सरकली तर ती बाई कच्ची, असं त्याचं म्हणणं. त्याची शिष्या मारी बोनापार्ट, तिने या नादात क्लिटोरिसची जागा हलवायची ऑपरेशनं करून घेतली, एक नाही, जास्त वेळा, आणि फरक शून्य. मग १९६६ मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी लॅबमध्ये मोजून सांगितलं की उत्तेजना कुठूनही येऊ दे, शरीरात घडतं ते तेच, स्नायू साधारण ०.८ सेकंदाच्या अंतराने आकुंचन पावतात. आणि क्लिटोरिस म्हणजे बाहेर दिसतो तेवढा दाणा नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओकॉनेल या सर्जन बाईंनी १९९८ मध्ये दाखवलं की त्याचा मोठा भाग आत आहे, योनीच्या दोन्ही अंगांना पसरलेला. म्हणजे ज्याला योनीचा म्हणतात त्यातही बहुतेक वेळा हाच आतून सामील असतो. जी-स्पॉट (योनीच्या आतली म्हणे खास संवेदनशील जागा) नावाचा वेगळा अवयव तर कुणाला धड सापडलेलाच नाही.
जाणवण्यात मात्र फरक असतो, तो खोटा नाही. कुणाला एका जागी तीव्र वाटतं, कुणाला अंगभर पसरल्यासारखं, काहींना झोपेत येतो, काहींना पोटाचे व्यायाम करताना (हो, खरंच!). अमेरिकेत हजारेक बायकांना विचारलं तेव्हा फक्त १८ टक्क्यांच्या आसपास म्हणाल्या की नुसता संभोग पुरतो. म्हणजे तू चांगली बहुमतात आहेस. संभोग चालू असताना हात वापरा की, कुणी मार्क कापत नाही.

प्रतिसाद २
'कशासाठी' वर अजून भांडणं चालू आहेत. मूल राहायला लागत नाही हे पक्कं, मैत्रिणीला सांगा. ऑर्गॅझममुळे गर्भाशय वीर्य आत ओढतं ही थिअरी फार चालली, पण विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉइड यांनी २००५ च्या पुस्तकात तिचा पुरावा किती तकलादू आहे ते दाखवलं. त्यांचं मत, पुरुषांना जशी स्तनाग्रं असतात, कामाची नसली तरी, तसंच हे, गर्भात सुरुवातीची घडण दोघांची एकच असल्यामुळे मिळालेलं. मला स्वतःला पाव्लिचेव आणि वॅग्नर या उत्क्रांतीच्या अभ्यासकांची २०१६ ची कल्पना जास्त पटते. ससा, मांजर यांच्यात समागम झाल्यावरच बीज सुटतं, तर आपल्या पूर्वजांमध्ये ऑर्गॅझमशी संबंधित यंत्रणा त्या कामाची असावी, पुढे बीज आपलं आपण सुटायला लागलं आणि हे मागे उरलं. २०१९ मध्ये त्यांनी सशिणींना फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं तर बीजं सुमारे ३० टक्के कमी सुटली. आणि फ्लुओक्सेटिन का निवडलं, तर त्याने माणसांत ऑर्गॅझम अडतो म्हणून! तुमची गोळी त्याच जातीची आहे, त्यामुळे संबंध असण्याची शक्यता खूप. स्वतःहून बंद करू नका हं, डोस कमी करणं, गोळी बदलणं असे मार्ग असतात, डॉक्टरांना सांगा.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार, पहिला प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिलाय. पण डॉक्टर वयस्कर गृहस्थ आहेत हो, तोंडाने सांगणं मला जमणार नाही. चिठ्ठीवर लिहून दिलं तर चालेल का?

प्रतिसाद २
चालेल की. त्यांना हे नवीन नाही, या गोळ्यांबद्दल ही तक्रार नेहमीचीच. गोळीचं नाव, डोस आणि 'सुरू केल्यापासून ऑर्गॅझम उशिरा येतो' एवढं लिहा, बास.