मदत हवी आहे: नेफ्रायटिसच्या उंदरांत किडनीतले न्यूट्रोफिल फ्लोमध्ये सापडत नाहीत

पेशीमापक
नमस्कार मंडळी. सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांत मेंढीचं अँटी-जीबीएम सीरम (किडनीतल्या गाळणीच्या पडद्याविरुद्धच्या अँटिबॉडी) देऊन क्रेसेंटिक नेफ्रायटिसचं (गाळणीत चंद्रकोरीसारखे पेशींचे थर धरणाऱ्या किडनीच्या दाहाचं) मॉडेल चालू आहे. दहाव्या दिवशी पीएएसने रंगवलेल्या स्लाइडवर क्रेसेंट स्पष्ट दिसतात, लघवीत अल्ब्युमिन भरपूर. फ्लो सायटोमेट्रीचे (पेशी रंगवून लेझरखाली एकेक मोजण्याची पद्धत) आकडे मात्र याच्याशी जुळत नाहीत.

पद्धत अशी: उंदीर मारण्याआधी ३ मिनिटं शेपटीच्या शिरेतून सीडी४५ची (सगळ्या पांढऱ्या पेशींवरची खूण) रंगीत अँटिबॉडी ३ मायक्रोग्रॅम (३०-एफ११ क्लोन). मग हृदयातून २० मिली गार पीबीएस (क्षारद्रावण). किडनी बारीक चिरून कोलॅजिनेज डी १ मिग्रॅ/मिली आणि डीएनएज १०० मायक्रोग्रॅम/मिलीत ३७ अंशांवर ४० मिनिटं. ७० आणि ४० मायक्रॉनच्या चाळण्या, शेवटी ४० टक्के परकॉल (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण). शिरेतल्या अँटिबॉडीने रंगलेल्या पेशी रक्तातल्या समजून गेटमधून (मोजायच्या पेशी निवडायची चौकट) वगळतो.

उरलेल्या पेशींत लाय६जी ही खूण असलेले न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) निरोगी उंदरांइतकेच. सीडी४ टी-पेशी वाढलेल्या, पण त्यांत आयएल-१७ए (दाह वाढवणारा संदेशरेणू) जेमतेम. एफआयटीसी (हिरव्या रंगाच्या) चॅनलमध्ये भलामोठा ढग दिसतो तो वेगळाच. काय बदलावं?

केशवाहिनी
सगळ्यात आधी तो गेट उघडा. रंगलेल्या पेशी टाकून देणं फुप्फुसात किंवा आतड्यात एक वेळ चालेल, ग्लोमेरुलोनेफ्रायटिसमध्ये नाही. ग्लोमेरुलस, म्हणजे किडनीतली गाळणी, मुळात केशवाहिन्यांचाच गुंता. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट तिथलं नुकसान बहुतांशी वाहिनीच्या आत राहूनच करतात: भिंतीला चिकटून सरकतात, जमा झालेल्या इम्यून कॉम्प्लेक्सवर एफसी रिसेप्टर टेकवतात आणि प्रोटिएज व ऑक्सिजन रॅडिकल सोडतात. निरोगी ग्लोमेरुलसमध्येही न्यूट्रोफिल फेऱ्या मारत असतात, दाह झाला की मुक्काम लांबतो. म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या पेशी नेमक्या तुम्ही वगळलेल्या भागात आहेत. माणसांतल्या अँका व्हॅस्क्युलायटिसमध्येही (न्यूट्रोफिलविरुद्धच्या अँटिबॉडींमुळे होणारा रक्तवाहिन्यांचा दाह) तेच घडतं. एमपीओ किंवा पीआर३ या न्यूट्रोफिलमधल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी न्यूट्रोफिलला वाहिनीच्या आतच चेतवतात. भिंत फाटून फायब्रिन ग्लोमेरुलसभोवतीच्या बोमनच्या पोकळीत सांडतं, मग मॅक्रोफेज आत शिरतात आणि क्रेसेंट धरू लागते.

२० मिली पीबीएसने सैल रक्तपेशी बऱ्याच निघून जातात. त्यानंतरही राहिलेल्या रंगीत पेशींत चिकटलेल्यांचा वाटा मोठा असतो. त्यांचा वेगळा गट करा आणि तितक्याच पीबीएसने धुतलेल्या निरोगी उंदरांशी ताडून पाहा. टक्केवारीवर विसंबू नका. मोजणीचे मणी घालून प्रतिग्रॅम किडनी असा आकडा काढा. आजारी किडनीत सगळ्याच ल्युकोसाइट वाढतात, त्यामुळे सीडी४५पैकी टक्के काढले की न्यूट्रोफिल आहे तिथेच दिसतात.

रंग बरोबर बसला का, हे प्रत्येक उंदरात तपासा. रक्तातल्या जवळजवळ सगळ्या पेशी रंगलेल्या हव्यात, लांबच्या लिम्फ नोडमधल्या जवळजवळ एकही नको. रक्ताचा थेंब पीबीएस सोडण्याआधी घ्यावा लागतो, ते बऱ्याचदा राहून जातं. आणि ३ मिनिटं म्हणजे ३ मिनिटंच. ट्यूब्यूलभोवतालच्या (किडनीतल्या बारीक नळ्यांभोवतालच्या) केशवाहिन्यांना छिद्रं असतात आणि त्यांना खेटून बसलेले किडनीतले मूळ मॅक्रोफेज वाहिनीतून इम्यून कॉम्प्लेक्स ओढून घेतात. वेळ लांबला तर एफ४/८० (मॅक्रोफेजची खूण) भरपूर असलेल्या पेशीही अर्धवट रंगलेल्या दिसू शकतात. असा मधल्या तीव्रतेचा गट 'रक्त' म्हणून मोजू नका.

एक गोष्ट वेळापत्रकाची. या मॉडेलमध्ये न्यूट्रोफिलची पहिली लाट सीरम दिल्यावर काही तासांतच येते. फक्त दहावा दिवस पाहिलात तर ती निसटणारच.

अर्धचंद्र
बाकीच्या मुद्द्यांवर.

एफआयटीसीतला ढग बहुधा प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या पेशींचा आहे. त्यांत फ्लेविन आणि एनएडीएच खच्चून असतं, त्यामुळे ४८८ आणि ४०५ नॅनोमीटरच्या लेझरखाली त्या आपोआप चमकतात. सीडी४५ आणि मोजके मार्कर लाल लेझरच्या रंगांवर न्या. एफआयटीसी रिकामा ठेवून त्यावरच या पेशी गाळा. मृत पेशींचा रंग हवाच.

कोलॅजिनेजला कॅल्शियम लागतं, म्हणून पचन साध्या पीबीएसमध्ये न करता कॅल्शियम-मॅग्नेशियमवाल्या एचबीएसएस द्रावणात करा. ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) शेवटी, पचन थांबवण्यापुरतं. ट्रिप्सिन आणि डिस्पेज नकोत, पृष्ठभागावरचे मार्कर कापले जातात. न्यूट्रोफिल फार टिकत नाहीत, तेव्हा ३७ अंशांवरचा वेळ ३० मिनिटांपर्यंत आणा आणि पुढचं सगळं बर्फावर.

वाढलेल्या सीडी४ टी-पेशींवर लगेच विश्वास ठेवू नका. किडनीच्या देठाशी चरबीत छोटा लिम्फ नोड असतो, तो सोबत आला तर सगळा टी-पेशींचा आकडा त्याचाच. कॅप्सूल सोला, देठाची चरबी काढा, मग वजन करा.

आयएल-१७ए मोजण्यासाठी पेशी चेतवायला पीएमए ५० नॅनोग्रॅम/मिली व आयोनोमायसिन १ मायक्रोग्रॅम/मिली, आणि ते पेशीतच अडकवायला ब्रेफेल्डिन ए, एकूण ४ तास. पीएमएमुळे पेशी सीडी४ आत ओढून घेतात, म्हणून पेशीपटलाला छिद्रं पाडल्यानंतर सीडी४ पुन्हा रंगवा. सुरुवातीच्या आयएल-१७एचा मोठा वाटा गॅमा-डेल्टा टी-पेशींचा असतो, त्या सीडी४ गेटमध्ये सापडणारच नाहीत. टीएच१७चा (आयएल-१७ए सोडणाऱ्या टी-पेशी) जोर या मॉडेलमध्ये आधी आणि टीएच१चा (आयएफएन-गॅमा सोडणाऱ्या) नंतर असतो, तेव्हा आयएफएन-गॅमाही सोबत मोजा.

पेशीमापक
दोघांचेही आभार. रंगलेल्या पेशी ग्लोमेरुलसमधल्या की ट्यूब्यूलभोवतालच्या, हे कसं ठरवायचं? चुंबकीय मणी सोडून ग्लोमेरुलस वेगळे काढावेत का?

केशवाहिनी
काढता येतील, पण एक धोका आहे. ४.५ मायक्रॉनचे मणी केशवाहिन्यांत अडकतात म्हणून ग्लोमेरुलस चुंबकाला लागतो. क्रेसेंटने किंवा गुठळीने बंद झालेल्या ग्लोमेरुलसमध्ये मणी पोचतच नाहीत. सगळ्यात आजारी तेवढे मागे राहतात आणि निकाल सौम्य दिसतो.

त्यापेक्षा एक किडनी फ्लोला द्या, दुसरी गोठवून काप घ्या. शिरेतली अँटिबॉडी अलेक्सा ६४७ची असेल तर तिचा रंग कापावर थेट दिसतो. त्यावर लाय६जीसाठी १ए८ क्लोन थेट रंग जोडलेलाच वापरा. ३०-एफ११ आणि १ए८ दोन्ही उंदीरजातीतल्या रॅटच्या अँटिबॉडी आहेत, त्यामुळे अँटी-रॅट सेकंडरी (रॅटच्या अँटिबॉडीला चिकटणारी दुसरी रंगीत अँटिबॉडी) दोन्हींना धरेल. अँटी-गोट सेकंडरीही टाळा, ती जीबीएमवर बसलेल्या मेंढीच्या आयजीजीला चिकटते आणि सगळे ग्लोमेरुलस उजळतात.

मॅक्रोफेज मोजताना ग्लोमेरुलसच्या आत मॅक-२ ही खूण घ्या. एफ४/८० मुख्यतः बाहेरच्या आणि भोवतालच्या पेशी दाखवतं. प्रत्येक उंदरामागे निदान ५० ग्लोमेरुलस मोजा, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसू द्या.