"दिसलाच नाही" ही सबब की खरी गोष्ट?

स्टेअरिंगवाला:
परवा वळताना एक सायकलस्वार माझ्या बॉनेटपासून हातभर अंतरावर येऊन थांबला. दोन्हीकडे बघूनच वळलो होतो. शपथेवर सांगतो, तिथे कुणी नव्हतं. होता, हे उघडच आहे. गाडीच्या पुढच्या काचेशेजारचा तो खांब अख्खा सायकलवाला गिळतो. त्यात दोघं आपापला वेग न बदलता चौकाकडे येत असलो, तर तो त्या खांबाआडच राहतो, इकडेतिकडे सरकत नाही. शिवाय नजर झटकन फिरवली की डोळे उड्या मारतात आणि त्या उडीपुरतं मेंदू दिसणं दाबून टाकतो. अशा चुकीला गुन्हा म्हणायचं?

पायडल:
खांब तुमच्या गाडीचा, मग मान पुढे काढून बघायचं कुणी? ट्रक नाही बरा दिसायचा राहत! सायकलवाल्याची तुम्हाला भीती नसते, म्हणून तो नजरेत भरत नाही.

रोखठोक:
आणि रात्री बिनदिव्याचे, कानात बोळे घालून उलटे येणारे? त्यांना सगळं माफ?

पायडल:
माफ नाही. पण ते चुकले तर बहुधा स्वतःच मोडतात. तुम्ही चुकलात तर समोरचा.

उंबरठा:
दोष आणि भरपाई यांची गल्लत होतेय. नेदरलँड्समध्ये सायकलस्वाराचं नुकसान झालं तर ते मोटारवाल्याने भरायचं, टाळणं अशक्यच होतं हे सिद्ध केलं तर सुटका. सायकलवाला मोठा माणूस असेल तर त्याची चूक धरूनही निम्मी भरपाई साधारणपणे मिळतेच. चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळपास पूर्ण. तुरुंगाचा हिशेब वेगळा.

रोखठोक:
म्हणजे बेफिकिरीला परवानाच की.

उंबरठा:
भरपाई मिळेल म्हणून कुणी हाड मोडून घेत नाही हो. वेगाचं बघा. ताशी 50 ला गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते, 30 ला आठेक. धडकेची ऊर्जा पावणेतीन पट. माणूस चुकणारच, हे धरून स्वीडनने 1997 साली धोरण आखलं: चूक झाली तरी जीव जाऊ नये असा रस्ता बांधा.

स्टेअरिंगवाला:
वेगाचं निघालंच म्हणून सांगतो. चौकाआधी मी ब्रेकला पाय लावला नव्हता, रस्ता मोकळा वाटला म्हणून. तो मात्र एक पाय टेकवून उभा होता, अंगठा घंटीवर तसाच. काही बोलला नाही.