चर्चा: चॉकलेटमधल्या अळ्या (२००३) ते बोर्नव्हिटातली साखर (२०२३): जनसंपर्काचं काम सुधारलं की बिघडलं?

जनसंपर्की_पुणे (धागाकर्ता)

बरीच वर्षं या धंद्यात आहे. आधी एजन्सीत होतो, आता एका कारखान्यात नोकरी करतो. सोशल मीडियाने जनसंपर्काचं काम पार बदलून टाकलं, असं आमच्यात सगळेच म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. आमच्या हातातला वेळ गेला हे खरं. पण त्या घाईत आम्ही आमचं सगळ्यांत मोलाचं काम सोडून दिलं: साहेबांसमोर बसून ‘दोष आपल्या मालात आहे, तो आधी दुरुस्त करा’ हे तोंडावर सांगणं.

एकाच कंपनीची दोन प्रकरणं घेतो. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर आलेली. मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या निघाल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने माल जप्त केला. कॅडबरीचा पहिला पवित्रा असा की दोष कारखान्याचा नाही, दुकानांत माल नीट ठेवला जात नाही. प्रशासनाचा सवाल होता, मग वेष्टन हवाबंद का नाही? पेपर आणि वाहिन्यांनी प्रकरण लावून धरलं, ऐन सणात विक्री कोसळली. कंपनीने जाहिराती थांबवल्या, ‘विश्वास’ नावाची मोहीम काढून दुकानदारांना साठवणुकीचं शिक्षण दिलं आणि जानेवारी २००४मध्ये नवं सीलबंद वेष्टन आणलं. अमिताभ बच्चन जाहिरातीत आले ते यानंतर. आधी वेष्टन, मग बच्चन, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता एप्रिल २०२३. तीच कंपनी, नाव मोंडेलीझ. ‘फूडफार्मर’ नावाने व्हिडिओ करणाऱ्या रेवंत हिमत्सिंका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेवर एक व्हिडिओ टाकला. तो अशास्त्रीय आहे, २० ग्रॅमच्या एका वेळच्या मापात जोडलेली (म्हणजे वरून घातलेली) साखर साडेसात ग्रॅमच असते, असं कंपनीने सांगितलं आणि कायदेशीर नोटीस पाठवली. हिमत्सिंका यांनी व्हिडिओ काढून टाकला, माफीही मागितली. मग लोकांनी तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा टाकला आणि पाठोपाठ राष्ट्रीय बालहक्क आयोगाची कंपनीला नोटीस आली.

चार दिवस थांबायला मिळाले असते तर कुणीतरी ‘नोटीस नको’ म्हणालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

रीलवाली_ठाणे

सर, मी डिजिटल टीममध्ये आहे आणि तुमचं प्रकरण तुम्ही मध्येच सोडलंत. डिसेंबर २०२३मध्ये बातमी आली की बोर्नव्हिटातली जोडलेली साखर १४ टक्क्यांहून जास्त कमी केली. एप्रिल २०२४मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रीच्या साइटना सांगितलं की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढा. म्हणजे माल बदलला, आणि कोपऱ्यात वर्षानुवर्षं बारीक अक्षरात छापलेला आकडा घराघरात वाचला गेला. हे कुठल्या जनसंपर्क अधिकाऱ्याने केबिनमध्ये जाऊन करून दाखवलं होतं?

२००३मध्ये कंपनीला सावरायला दोन-तीन महिने मिळाले, कारण ग्राहकाला बोलायला जागाच नव्हती. पेपरात पत्र लिहायचं आणि छापून येण्याची वाट बघायची. त्या शांततेला तुम्ही विचार करायचा वेळ म्हणता.

केबिनमधल्या धाडसाबद्दलही सांगते. मी नुसतं ‘ग्राहक नाराज आहेत’ म्हटलं असतं तर मला कुणी विचारलं नसतं. कमेंटचे स्क्रीनशॉट समोर ठेवले की तेच साहेब चष्मा लावून वाचतात. पूर्वी तुम्ही काय ठेवत होता? कात्रणांची फाइल, बातमीने पेपरात व्यापलेली जागा कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजून त्याला जाहिरातीच्या दराने गुणलेला आकडा. तो आकडा म्हणजे जनसंपर्काची किंमत नव्हे, असं या क्षेत्रातल्या लोकांनी २०१०मध्ये बार्सिलोनात जमून जाहीर केलं. आपल्याकडे तो रिपोर्टात अजून येतो.

जनसंपर्की_पुणे

कात्रणांच्या आकड्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण स्क्रीनशॉटची ताकद दोन्हीकडे चालते. ऑक्टोबर २०२०मध्ये तनिष्कने डोहाळजेवणाची जाहिरात केली होती, हिंदू सून आणि मुस्लिम सासर. त्यात खोटं काही नव्हतं आणि दागिन्यातही खोट नव्हती. ट्रोलिंग झालं आणि जाहिरात मागे घेतली; कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हे कारण कंपनीने दिलं. त्या दिवशीही कुणीतरी साहेबांसमोर स्क्रीनशॉटच ठेवले असणार. साखरेवरचा राग आणि त्या सुनेवरचा राग मोबाइलवर सारखेच दिसतात. कुठल्यापुढे वाकायचं आणि कुठल्यापुढे ताठ उभं राहायचं, हे ओळखणं हेच आमचं काम. त्याला अर्धा तास देतात हल्ली.

अंधेरीकर

अर्धा ताससुद्धा पुष्कळ झाला. रात्री अकराला क्लायंटचा फोन, ‘ट्रेंड व्हायच्या आत उत्तर टाका.’ उत्तराला लीगलची मंजुरी लागते आणि लीगलवाले झोपलेले असतात. शेवटी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला ‘कृपया आपला तपशील मेसेज करा’ हेच एक वाक्य जातं. माझ्या टीममधली चांगली लिहिणारी मुलं हे करून थकली आणि सोडून गेली, याचं मला खूप वाईट वाटतं.

माहितीखातं_निवृत्त

सगळे कंपन्यांबद्दल बोलताय. मी राज्याच्या माहिती व जनसंपर्क खात्यात जिल्ह्यांवर काम केलं. आमची रीत ठरलेली होती. संध्याकाळी प्रेसनोट, सकाळी पेपरात बातमी, आठवी-दहावीचा मुलगा घरी ती मोठ्याने वाचणार.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरते, असे मेसेज आधीपासून व्हॉट्सॲपवर होते. भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पाच माणसं गेल्यावर.

धागाकर्ते म्हणतात तसा वेळ आम्हाला मागताच येत नाही. पण रीलवाली ताई, मंत्रालयाच्या खात्याला लाखो फॉलोअर असले तरी त्या पाड्यावर त्यांचा उपयोग शून्य. तिथे पोलीस पाटील, आशाताई, शाळेतले गुरुजी यांचं ऐकतात. त्यांचे नंबर आणि त्यांचा भरवसा अफवेच्या आधी कमवावा लागतो, गावोगाव जाऊन चहा पीत. हल्ली हे काम कुणाच्या रिपोर्टात बसत नाही, कारण त्याला लाइक नाहीत. नवीन अधिकाऱ्यांचा दिवस साहेबांचे फोटो चढवण्यात जातो. ही माझी खरी तक्रार आहे.

मुंबईकर_१२

मुंबई पोलिसांचं उदाहरण विसरू नका. डिसेंबर २०१५ला ते ट्विटरवर आले. चुरचुरीत पोस्टमुळे गाजले हे खरं, पण मला आवडतं ते हे की ठाण्याची पायरी चढायला घाबरणारा माणूस तिथे तक्रार लिहितो.

जिल्हा_बातमीदार

लिहितो, कबूल. पण प्रश्न विचारणाऱ्याचं काय?

पूर्वी कंपनी असो की पालकमंत्री, पत्रकार परिषद घ्यावी लागायची. मागच्या रांगेतला एक जण उठून विचारायचा, ‘गेल्या वर्षीच्या घोषणेचं काय झालं?’ आता व्हिडिओ थेट त्यांच्याच पानावर. आम्हाला लिंक येते. उलटप्रश्नाला जागा नाही, आणि कमेंटमध्ये विचारलं तर कमेंट उडते. जनसंपर्कवाले याला ‘थेट संवाद’ म्हणतात. मला यात संवाद कुठेच दिसत नाही.

वर पैसे घेऊन केलेल्या रीली. जाहिरात असेल तर तसं ठळक लिहा, हा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१चा, केंद्राच्या ग्राहक खात्याच्या सूचना जानेवारी २०२३च्या. तरी ‘पेड’ हा शब्द हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी लपवलेला सापडतो.

रीलवाली_ठाणे

दादा, लपवणं चूकच, मी त्याचं समर्थन करणार नाही. पण छापील बातमीला सोवळं समजू नका. २००९च्या निवडणुकांत उमेदवारांच्या जाहिराती बातमी म्हणून छापल्या गेल्या, प्रेस कौन्सिलला पेड न्यूजची चौकशी करावी लागली. त्या पॅकेजवर तर ‘पेड’ हा शब्द शेवटीसुद्धा नसायचा. रीलखाली निदान दुसरं कुणी येऊन लिहू शकतं की हे खोटं आहे. बोर्नव्हिटाचंही तसंच झालं.

माहितीखात्यातल्या काकांचं मात्र पटलं. आमच्या टीममध्ये गावात जाऊन आलेलं कुणीच नाही.

जनसंपर्की_पुणे

रीलवाली ताई, सोशल मीडिया नको असं मी कुठेच म्हटलं नाही. माझा आग्रह इतकाच की तिथे आलेली तक्रार उत्तर लिहिणाऱ्या टीमकडे जाऊन संपू नये. आमच्याकडे मी भांडून एक गोष्ट सुरू करून घेतली. ऑनलाइन आलेल्या मालाच्या तक्रारी क्वालिटीच्या मासिक बैठकीत वाचून दाखवायच्या, प्लांट हेड समोर असताना. आम्ही उत्तर काय दिलं हे तिथे विचारलंच जात नाही. कुठल्या बॅचचा माल, कारण काय, एवढंच. त्यातून झाकणाचा एक पुरवठादार बदलला गेला. त्या महिन्यात आमच्या पेजचे आकडे घसरले होते आणि मार्केटिंगवाले माझ्यावर रागावले होते, तरी ते माझं चांगलं काम होतं असं मी मानतो.

रीलवाली_ठाणे

म्हणजे झाकण बदललं ते कमेंटमुळेच.

जनसंपर्की_पुणे

कमेंट आणि बैठक, दोन्हींमुळे. नुसत्या कमेंटवर ‘कृपया तपशील मेसेज करा’ गेलं असतं.

जिल्हा_बातमीदार

आणि झाकण सदोष होतं हे आधीच माल घेतलेल्या गिऱ्हाइकांना कळवलंत का? प्रेसनोट काढली होती? आमच्याकडे तरी काही आल्याचं आठवत नाही.