मदत हवी आहे: रात्रभर ठरावीक वेळाने फोटो काढणारं कॅमेरा ॲप (कळी दोन दिवसांत उमलणार, घाई आहे)

रातराणी७ | सोमवार, रात्री ९:१०
ब्रह्मकमळाची कळी उमलताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपायची आहे. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात टाइमलॅप्स आहे, पण तिथे शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा), फोकस काहीच हातात नाही. प्रो मोडमध्ये सगळं हातात आहे, पण दर अर्ध्या मिनिटाने आपोआप फोटो काढायची सोय नाही. मला दोन्ही एकत्र हवंय. गेल्या वेळी अख्खी रात्र वाया गेली. कळीचा देठ वर वळायला लागलाय, म्हणजे फार तर दोन दिवस. कोणतं ॲप घ्यावं, तेवढं सांगा.

अर्धविराम | रात्री ९:२४
अँड्रॉइड की आयफोन? कोणती आवृत्ती? गेल्या वेळी नेमकं काय बिघडलं? हे कळल्याशिवाय ॲपचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

तंत्रवेडा | रात्री ९:३१
डोळे मिटून गुगल कॅमेऱ्याचा पोर्ट टाका, म्हणजे पिक्सेल फोनचं कॅमेरा ॲप इतर फोनवर चालेल असं केलेलं. अंधारात त्याच्या जवळपास कुणी येत नाही. अनेक फ्रेम काढून एकमेकांवर चढवतो, त्यामुळे दाणे (अंधारातल्या फोटोवरचे रवाळ ठिपके) राहतच नाहीत. पिक्सेलवर २०१९ पासून तारे टिपायचा ॲस्ट्रो मोड आहे, अनेक लांब फ्रेम, मिळून ४ मिनिटांपर्यंत. अंधाऱ्या खोलीतलं फूल त्यापुढे किरकोळ आहे.

पायवाट | रात्री ९:४०
फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर दर्जा पार उतरतो. माझ्या सगळ्या सहलीचे फोटो असेच गेले.

रातराणी७ | रात्री ९:५२
पाठवायचा प्रश्नच नाही हो, आधी काढायचे आहेत.
अँड्रॉइड आहे. फोनच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की त्याच कंपनीवरून वाद सुरू होतो. गेल्या वेळी व्हिडिओ धडधडल्यासारखा आला, एक फ्रेम उजेडाची, पुढची काळपट. त्यात फोकस मधूनच मागच्या भिंतीवर जात होता. आणि पावणेदहाला सगळं थांबलं.

अर्धविराम | रात्री १०:०१
पावणेदहाला का थांबलं?

रातराणी७ | रात्री १०:०४
फोन आला. मी उचललासुद्धा नाही, पण कॅमेरा मागे गेला तो गेलाच. मी दुसऱ्या खोलीत होतो.

सहजच | रात्री १०:०९
आयफोन असता तर प्रश्नच मिटला असता. २०१४ मध्ये आयओएस ८ पासून शटर, आयएसओ, फोकस बाहेरच्या ॲप्सना खुले झाले. हॅलाइड हे कॅमेरा ॲप वापरून बघा, फोकसची पट्टी बोटाने फिरवताना खरा कॅमेरा हातात असल्यासारखं वाटतं.

अर्धविराम | रात्री १०:१२
सहजच, त्यांनी वर अँड्रॉइड लिहिलंय.

रानवारा | रात्री १०:२०
एक दुरुस्ती. घरोघरी कुंडीत असतं ते ब्रह्मकमळ नव्हे. खरं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा, हिमालयात उंचावर येतं, उत्तराखंडाचं राज्यपुष्प आहे. तुमचं एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. ते पानावर येतं म्हणतात, पण ती पानंही नव्हेत, चपटी झालेली खोडं आहेत.

भिंगवाला | रात्री १०:४७
रातराणी, मी असे बरेच प्रयोग केलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ॲप: ओपन कॅमेरा. फुकट आहे, जाहिराती नाहीत, स्रोत खुला आहे. टाकल्यावर सेटिंग्जमध्ये 'कॅमेरा एपीआय' (ॲपने फोनच्या कॅमेऱ्याशी बोलायचा मार्ग) शोधा आणि तिथे 'कॅमेरा२ एपीआय' निवडा. ते निवडलेलं नसेल तर शटरची आणि फोकसची पट्टी दिसणारच नाही, आणि लोक ॲपला नावं ठेवून काढून टाकतात. कॅमेरा२ अँड्रॉइडमध्ये ५.० पासून म्हणजे २०१४ पासून आहे, पण त्यातलं किती खुलं ठेवायचं ते फोन बनवणाऱ्यावर असतं. त्यासाठी आधी 'कॅमेरा२ एपीआय प्रोब' नावाचं छोटं ॲप टाका. त्यात लेगसी, लिमिटेड, फुल किंवा लेव्हल ३ अशी, कमीकडून जास्तीकडे, पातळी लिहून येईल. खाली 'मॅन्युअल सेन्सर' (शटर-आयएसओ हाताने ठरवायची सोय) समोर बरोबरची खूण आहे का, ते मला सांगा. निम्मं उत्तर तिथेच आहे.

आता धडधडीचं. ऑटो एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उजेड किती ते आपोआप ठरवणं, दर फोटोला नव्याने विचार करतं, त्यामुळे एक फ्रेम उजळ, एक गडद. आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि फोकस, चारही हाताने बांधून टाकायचे. फोनचं ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) बहुधा ठरलेलंच असतं, तिथे काही करायचं नसतं. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. १/८० असं मधलंच काही ठेवलंत तर फोटोवर आडवे पट्टे येतील, आणि दर फोटोत वेगळ्या जागी.

अंतराचं वेळापत्रक त्याच ॲपच्या 'रिपीट' मोडमध्ये आहे. दर अर्ध्या मिनिटाला एक धरला तर ६ तासांत ७२० फोटो, सेकंदाला २४ फ्रेमने ३० सेकंदांचा व्हिडिओ. पुरे होतो.

तंत्रवेडा | रात्री ११:०२
एवढं सगळं हाताने बांधायचं, आणि शेवटी आयएसओ वाढवून दाणेदार फोटो घ्यायचे. गुगल कॅमेरा हे सगळं स्वतः करतो.

भिंगवाला | रात्री ११:१०
तीच तर अडचण आहे, स्वतः करतो. एका सुट्या फोटोला तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, मीही वापरतो. पण तो प्रत्येक फोटोचा उजेड-सावलीचा ताळमेळ वेगळा लावतो. असे ७२० एकामागे एक लावले की धडधड परत आलीच. यांना ७२० सारखे फोटो हवेत, त्यातला एकही सुंदर नसला तरी चालेल.

तंत्रवेडा | रात्री ११:१५
मग फूल कुरूप दिसलं तरी चालेल का? मला हे पटत नाही. दाणे असलेला व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघवत नाही.

भिंगवाला | रात्री ११:१९
दाणे आयएसओने येतात. खोलीत दिवा आणा, आयएसओ खाली येईल. दिवा लावल्यामुळे फूल उमलायचं थांबत नाही, मी तीनदा करून बघितलंय.

खटाटोप | रात्री ११:३३
जुना लॅपटॉप असेल तर फोनवरच्या ॲपच्या रिपीटवर विसंबूच नका. यूएसबीने जोडा, एडीबी (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा द्यायची सोय) चालू करा, आणि लॅपटॉपवरून दर ३० सेकंदांनी की-इव्हेंट २४ पाठवा. तो म्हणजे आवाज वाढवायचं बटण. ओपन कॅमेऱ्यात ते बटण शटरचं काम करतं. कोणता फोटो किती वाजता निघाला याची नोंद लॅपटॉपवर राहते. मी महिनाभर गच्चीवरून ढग असेच टिपले.

रातराणी७ | रात्री ११:४०
लॅपटॉप आहे, पण एडीबी वगैरे मला दोन दिवसांत जमणार नाही.
भिंगवाला, प्रोबमध्ये 'लिमिटेड' आलंय. मॅन्युअल सेन्सरला बरोबरची खूण आहे. म्हणजे चांगलं ना?
आणि एक राहिलंच. त्याआधीच्या कळीला मी एक ऑटोमेशन ॲप लावलं होतं, स्क्रीनवरचं शटर दर मिनिटाला दाबायला. वीसेक फोटोंनंतर तेही गप्प झालं होतं.

अर्धविराम | रात्री ११:५१
हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं! अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, मागे पडलेल्या ॲपला कॅमेरा वापरूच देत नाहीत. कुणी चोरून फोटो काढू नये म्हणून, आणि ते योग्यच आहे. त्यावर फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा असते, ती स्क्रीन बंद झाली की उरलेल्यांचाही गळा दाबते. म्हणून बटण दाबणारं वेगळं ॲप नको. कॅमेराच समोर उघडा हवा, स्क्रीन चालू हवी, आणि मोजणी त्याच ॲपने करायला हवी. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला 'निर्बंध नाहीत' करा. आणि विमान मोड लावा! तुमचा पावणेदहाचा फोन तेवढ्यानेच टळला असता.

भिंगवाला | मंगळवार, सकाळी ७:१५
लिमिटेड असलं तरी मॅन्युअल सेन्सर आहे ना, काम होईल.

रात्री एक महत्त्वाची गोष्ट लिहायची राहिली. कळी हिरवट-गुलाबी आणि गडद असते, फूल पांढरंशुभ्र. कळीवर बघून एक्स्पोजर बांधलंत तर नऊच्या पुढे पाकळ्यांच्या जागी नुसता पांढरा डाग उरेल. माझं पहिलं फूल असंच गेलं, आतला एक तंतू दिसला नाही. म्हणून कळीच्या शेजारी, तिच्याइतक्याच उजेडात, पांढरा कागद धरा. त्या कागदावरच्या सुरकुत्या स्क्रीनवर स्पष्ट दिसेपर्यंत उजेड कमी करा, मग कागद काढा. सुरुवातीला कळी काळपट वाटेल. वाटू द्या.

पंखा बंद ठेवा, फूल हलतं. फोनचं कव्हर काढा, चार्जर लावलेला राहू द्या. सहा तास कॅमेरा चालू म्हणजे फोन तापणारच.

सहजच | सकाळी ९:०५
रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, नंतर हवे तसे रंग सुधारता येतात.

खटाटोप | सकाळी ९:२२
७२० रॉ? १२ मेगापिक्सेलची एक डीएनजी (रॉ फाइल) सुमारे २४ एमबी धरली तरी १७ जीबीच्या वर जातं. लिहायलाही वेळ लागतो. जेपीजी ठेवा. ४के व्हिडिओच्या एका फ्रेमला जेमतेम ८ मेगापिक्सेल लागतात.

पायवाट | सकाळी १०:४०
रानवारा, आमच्याकडे चाळीस वर्षं त्याला ब्रह्मकमळच म्हणतात. लोकांनी ठेवलेलं नाव चुकीचं कसं?

रानवारा | सकाळी ११:०२
चुकीचं म्हणत नाही, पायवाट, दोन वेगळी झाडं आहेत एवढंच. हिमालयातल्या फुलाला धोका आहे आणि लोकांना वाटतं ते तर आमच्या कुंडीत आहे, याची मला काळजी वाटते. म्हणून दर वेळी लिहितो.

रातराणी७ | दुपारी ४:१८
कळीची टोकं आत्ताच किंचित सैल झाल्यासारखी दिसतायत. आज रात्रीच आहे. कागद ठेवून आयएसओ २०० आणि शटर १/५० वर आलोय, दिवा एका कोपऱ्यातून लावलाय. फोकस हाताने कळीवर ठेवलाय. अजून काही?

भिंगवाला | दुपारी ४:३५
थोडं मागे सरका. फूल कळीच्या कितीतरी पट होतं.

रातराणी७ | बुधवार, सकाळी ६:५०
भिंगवाला, तुमचा शेवटचा प्रतिसाद मी वाचलाच नाही. विमान मोड लावून बसलो होतो.

पण निघालं. संध्याकाळी ७ ते रात्री १, एकही फोटो चुकला नाही. धडधड अजिबात नाही. पाकळ्यांवरच्या बारीक रेषा दिसतायत आणि आतल्या चांदणीसारख्या टोकाची सावलीसुद्धा दिसतेय. कागदाची युक्ती नसती तर हे मिळालं नसतं. सव्वाआठला बाहेरच्या बारीक पाकळ्या एकेक करून मागे वळतात, एक अडकते आणि पुढच्या फोटोत सुटलेली असते. मी ते समोर बसून बघत होतो तरी मला दिसलं नव्हतं, ते फोटोंत दिसलं.

गोची एकच झाली. साडेदहाच्या पुढे फूल कॅमेऱ्याच्या दिशेने इतकं पुढे आलं की समोरच्या पाकळ्या फोकसच्या बाहेर गेल्या, आणि डावी कड चौकटीतून कापली गेली. मी कळीपासून जेमतेम एक वीत लांब होतो.

आता हे फोटो जोडायचे कशात?

खटाटोप | सकाळी ७:३०
लॅपटॉपवर एफएफएमपेग, आज्ञा लिहून चालवायचं व्हिडिओ सॉफ्टवेअर. फोटोंना ओळीने क्रमांक द्या, एका आज्ञेत व्हिडिओ होतो. दिव्यामुळे थोडं लुकलुकणं राहिलंच असेल तर त्यातच 'डीफ्लिकर' नावाचा फिल्टर आहे. आज्ञा संध्याकाळी लिहून देतो, तुम्हाला फक्त चिकटवायची आहे.

तंत्रवेडा | सकाळी ८:१२
एक फ्रेम इथे टाका ना. आयएसओ २०० ला दाणे किती आलेत ते मला खरंच बघायचंय.

भिंगवाला | सकाळी ८:४०
विताऐवजी अडीच-तीन फूट लांब जा आणि नंतर कापून घ्या, १२ मेगापिक्सेलमध्ये तेवढी जागा आहे. लांबून फोकसची खोलीही वाढते, पाकळ्या पुढे आल्या तरी सांभाळल्या जातात. झूम लावू नका. अजून कळ्या आहेत का?

रातराणी७ | सकाळी ८:५५
एक आहे. देठ अजून खालीच लोंबतोय, आठवडा तरी लागेल. ट्रायपॉड आत्ताच तीन फूट मागे नेऊन जमिनीवर खडूने खुणा करून ठेवल्यात.