प्रोजेक्टरच्या भिंतीला पांढरा रंग की करडा?

प्रश्न
पडदा न घेता भिंतीवरच १०० इंची (१६:९) चित्र पाडायचं आहे. भिंतीला सध्या साटिन (किंचित चमकदार) रंग आहे. रात्री खोलीत पूर्ण अंधार होतो, पण छत आणि बाजूच्या भिंती पांढऱ्या आहेत. पांढरा लावू की करडा? किती रंग लागेल?

उत्तर १
पांढरा, आणि पूर्ण मॅट. साटिनची थोडी जरी झाक राहिली तरी चित्राच्या मधोमध उजळ डाग दिसतो.

चित्र साधारण २.२१ × १.२५ मीटर, म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. तीन हातांना १ लिटर इमल्शन पुरून उरतं. खरी मेहनत रंगाआधी. साटिन १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्याची चमक घालवा, नाहीतर वरची पुट्टी पकडत नाही. पुट्टी वाळली की २२० ने घासा आणि अंधारात टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा प्रकाश टाका. दिवसा न दिसणारे सगळे फुगवटे दिसतात. मग धूळ पुसून प्रायमर.

रोलर आखूड केसांचा घ्या; लांब केसांचा संत्र्याच्या सालीसारखा पोत सोडतो. कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडा, शेवटचा फेर वरून खाली एकाच दिशेने. वाळल्यावर मधेच ठिगळ लावू नका, ते चित्रात उठून दिसतं. तसं झालंच तर पूर्ण हात पुन्हा द्या.

उत्तर २
करडा इतक्यात बाद करू नका. नुसत्या करड्याने काळं गडद होतं तसं पांढरंही मंदावतं, हे खरं. पण पांढऱ्या खोलीत चित्राचा प्रकाश छतावर आदळून परत भिंतीवर येतो आणि काळ्या भागांना धुरकट करतो. त्या परतलेल्या प्रकाशाला करडी भिंत दोनदा कापते, चित्राला एकदाच. फरक पडतो तो इथे.

तरी माझं मत: आधी छताचा पुढचा भाग आणि बाजूच्या भिंती गडद मॅट करा. त्याने जास्त फायदा होतो आणि चित्राचा उजेडही जात नाही. करडा लावलाच तर निळसर किंवा तपकिरी झाक नसलेला निवडा, नाहीतर त्वचेचे रंग बिघडतात. चकाकी देणारे धातूचे कण मिसळलेले रंग टाळा, रोलरचा प्रत्येक पट्टा दिसतो.

प्रश्नकर्ता
अल्ट्रा शॉर्ट थ्रो (भिंतीच्या अगदी जवळ ठेवायचा) प्रोजेक्टर चालेल का?

उत्तर १
रंगवलेल्या भिंतीवर नको. त्याचा प्रकाश भिंतीला जवळजवळ घासत वर जातो, टॉर्चसारखाच. अर्ध्या मिलिमीटरच्या उंचवट्यानेही सरळ रेघा वाकड्या होतात. त्याला ताणलेला पडदाच लागतो. साध्या प्रोजेक्टरसाठी मात्र चित्राभोवती ५ ते ८ सेंटिमीटर काळी मॅट किनार जरूर द्या, कडेबाहेर सांडलेला प्रकाश तीच गिळते.