'हिरवा चहा' नक्की कोणता? आणि तो कडू की तुरट?

डिचोलीहून

नमस्कार. आमचा बायकांचा बचतगट आहे. परसातली गवती चहाची पात सावलीत सुकवतो, कातरून पाकिटं भरतो आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसतो. पाकिटावर पहिल्यापासून 'हिरवा चहा' असंच लिहीत आलो, कारण घरात आई, सासूबाई, शेजारीण सगळ्या तेच म्हणतात. "चहात हिरव्या चहाच्या दोन पाती टाक गो" हे मी लहानपणापासून ऐकतेय.

गेल्या शुक्रवारी एक बाई पाकीट परत घेऊन आल्या. डॉक्टरांनी त्यांना साधा दूध-साखरेचा चहा सोडून ग्रीन टी घ्यायला सांगितलं होतं. नाव वाचून त्यांनी आमचं पाकीट नेलं आणि घरी उघडल्यावर वासावरूनच ओळखलं की ही आपली पात. मी पैसे परत दिले, पण चूक कोणाची ते मला ठरवता येईना.

आता थोडा खरा ग्रीन टीही विकायला ठेवायचं चाललंय. त्याला मराठीत काय लिहू? मुलीने 'चव : कडवट, पण गुणकारी' असं लिहून दिलंय. मी पिऊन पाहिला तर मला तो नुसता कडू वाटला नाही. जीभ कोरडी पडल्यासारखी होते. याला कोणता शब्द?

फोंड्याहून

बाय, चूक तुमची नाही आणि त्या बाईंचीही नाही. एका शब्दाची दोन कामं झालीत.

गवती चहा हे गवत. चहाच्या झुडपाशी त्याचं काही नातं नाही आणि त्यात कॅफीनही नाही. ग्रीन टी मात्र खऱ्या चहाचाच, कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाचा पाला. आपण सकाळी उंड्याबरोबर, म्हणजे पावाबरोबर, घेतो तो काळा चहाही त्याच झुडपाचा. फरक पाला खुडल्यानंतर पडतो. केळफूल चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं, म्हणून आपण ते ताकाच्या पाण्यात टाकतो ना? चहाच्या पानाचंही तसंच. चुरडलं आणि हवेवर ठेवलं की ते तांबूस-काळं होतं, तो काळा चहा. ग्रीन टीसाठी पान खुडल्यावर लवकरच त्याला उष्णता देतात, जपानात बहुधा वाफेवर, चीनमध्ये बहुधा कढईत परतून. काळं पडणं तिथेच थांबतं आणि पान हिरवं राहतं.

आता शब्दाकडे बघा. 'हिरवा' या विशेषणाला मराठीत दोन विरुद्ध टोकं आहेत. हिरवी मिरची म्हणताना पलीकडे सुकी मिरची असते, तिथे हिरवं म्हणजे ओलं, ताजं. तुमच्या सासूबाईंचा 'हिरवा चहा' हा त्या अर्थाचा. ग्रीन टीतल्या हिरव्याच्या पलीकडे काळा चहा असतो, तिथे हिरवं म्हणजे काळं न होऊ दिलेलं, आणि ते पान तर चांगलं खडखडीत वाळलेलं असतं. म्हणून परसातून कापून आणलेल्या पातीला हिरवा चहा म्हणणं बरोबर आहे, पण सुकवून पाकिटात भरलेल्या पातीला ते नाव राहत नाही. 'सुका गवती चहा' लिहा. ग्रीन टीला सरळ 'ग्रीन टी' लिहा. तो शब्द आता बाजारातल्या प्रत्येकाला कळतो, आणि 'हरित चहा' वगैरे लिहिलंत तर गिऱ्हाईक पाकीट खाली ठेवील.

चवीबद्दल तुमची जीभ अगदी बरोबर सांगतेय. तो शब्द 'तुरट'. मार्चमध्ये झाडाखाली पडलेलं काजूचं बोंड मीठ न लावता चावून बघा. आधी गोड रस येतो, मग जिभेवरचा ओलावा कोणीतरी पुसून घेतल्यासारखं होतं आणि घसा धरतो. चहातही तेच घडतं : त्यातली कॅटेचिन नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. कडू चव वेगळी, ती कारल्याची, किराईताची. लाळेशी तिचं भांडण नसतं.

तुरटाला आयुर्वेदात 'कषाय' म्हणतात, सहा रसांपैकी एक. (तिथला 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपलं कडू. कडू हा शब्द आला मात्र कटुवरून! शब्द येताना चव बदलून आला.) औषधी वनस्पतींचा अर्क उतरवण्याच्या पाच पद्धतींनाही कषायच म्हणतात : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट. आपल्या घरांत धणे-जिऱ्याचं जे कशाय करतात, ते नाव इथलंच.

या पाचांतले दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. क्वाथ म्हणजे पाण्यात घालून आटवलेला, आपला काढा. कढणे, कढत, कढी, काढा हे सगळं एकाच 'क्वथ्'चं कुटुंब, म्हणजे उकळणं त्या शब्दाच्या रक्तातच आहे. (कढई मात्र त्यातली नव्हे, ती 'कटाह'वरून.) फांट म्हणजे गरम पाण्यात औषध टाकून, थोडा वेळ ठेवून गाळून घेतलेलं. ग्रीन टी हा फांट आहे. आपण त्याला 'काढा' म्हणतो, मग काढ्यासारखा दहा मिनिटं रटरट उकळतो, त्यातून तुरटपणा आणि कडवटपणा भरमसाट उतरतो, आणि मग म्हणतो, काय कडूजहर आहे! नाव चुकलं म्हणून कृती चुकली. कळकळीने सांगतो, पाकिटावर 'काढा' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.

पाणी कढत नको, ७० ते ८० अंशांचं. थर्मामीटर लागत नाही. उकळी आली की गॅस बंद करून झाकण काढून पाचेक मिनिटं थांबायचं, मग पत्ती घालायची, दोन-तीन मिनिटांनी गाळायचं.

मडगावहून

सरांनी चवीचं सांगितलं, मी 'गुणकारी'वर लिहिते. आहाराचं काम करते, त्यामुळे हा शब्द रोज कानावर येतो.

गुण आहेत. जपानात मियागी भागातल्या चाळीस हजारांवर माणसांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला पाच किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी आढळले. पण ती माणसं तो चहा पिढ्यान्‌पिढ्या, साखरेशिवाय पितात, आणि त्यांचं जेवणही वेगळं. अशा अभ्यासावरून फायदा केवळ चहाचाच, असं म्हणता येत नाही. 'चरबी जाळतो' हे मात्र पाकिटावर अजिबात लिहू नका. वजनावरच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०१२ साली एकत्र आढावा घेतला, त्यात घट इतकी थोडी दिसली की औषध म्हणून तिला अर्थ नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका गरम पाण्याने तुपाचं भांडं निघतं तशी चरबी निघेल असं समजून पितात. ती समजूत 'वितळणे' या शब्दाने करून दिलीय. खरा लाभ साधा आहे : दिवसाचे तीन दूध-साखरेचे चहा गेले की सहा चमचे साखर गेली.

आणि तुरटपणाची दुसरी बाजू. माझ्या आईचं हिमोग्लोबिन कमी होतं. ती गोळ्या नेमाने घेत होती, तरी वाढेना. जेवण झालं की लगेच ती ग्रीन टी प्यायची, मीच आणून दिलेला. जी द्रव्यं लाळेला चिकटतात, ती भाजी-डाळीतल्या लोहालाही धरून ठेवतात. कप जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यायला लावला. हे मला आधी सुचायला हवं होतं, म्हणून आता प्रत्येकीला विचारते, चहा कधी घेता?

रात्री झोप न येणाऱ्यांनी संध्याकाळनंतर घेऊ नये, कॅफीन यात आहेच. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांचं प्रकरण वेगळं. त्यातल्या ईजीसीजी या द्रव्याचं प्रमाण दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झालं तर यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं. कपातल्या चहाला ती भीती लावू नये.

डिचोलीहून

सर, ताई, खूप आभार. काल दोन कप केले. एक मुलीच्या रीतीने उकळून, एक सरांच्या. उकळलेला पिवळा-तांबूस, एका घोटात तोंड आखडलं. दुसरा फिकट हिरवा. पहिल्या घोटाला कोवळ्या शेंगांच्या पाण्यासारखा हिरवट वास, मग हलका तुरटपणा, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागे किंचित गोडी, जशी आवळ्यावर पाणी प्यायल्यावर येते. सासूबाईंनी दुसरा कप संपवला, पहिला ओतून दिला.

असं लिहायचं ठरवलंय : 'ग्रीन टी. चव हिरवट, हलकी तुरट. उकळू नये. उकळी गेलेल्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून गाळावा. जेवणाबरोबर घेऊ नये.' जुनी चाळीसेक पाकिटं उरलीत, त्यांवर 'हिरवा' खोडून पेनाने 'सुका गवती' करतेय.

एकच अडलंय. 'ठेवून' हा शब्द पोकळ वाटतो. 'भिजवून' लिहू की 'मुरवून'?

फोंड्याहून

'मुरू द्यावा' लिहा. पाण्यात झाकून ठेवलेल्या चहाला आपण तेच म्हणतो. 'भिजवून' लिहिलंत तर कोणी रात्रभर ठेवतील, आणि तो फांट न राहता हिम, म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवलेला, होईल.